तुळशी भरला, पण कशाचे टक्के?

(मुंबईतल्या एका सोसायटीच्या ग्रुपवरून)

ए-६०१ : तुळशी तलाव ओव्हरफ्लो झालाय, आत्ताच व्हिडिओ आला!! म्हणजे आता पाणीकपात कॅन्सल ना?

बी-३०४ काका : अहो ताई तुळशी केवढासा, मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांतला सगळ्यात छोटा. ८,०४६ दशलक्ष लिटर. मुंबईला रोज ३,८०० च्या वर लागतं, म्हणजे अख्खा तुळशी दोन दिवसांत संपला. सातही मिळून १४ लाख ४७ हजार आणि त्यातला जवळजवळ निम्मा एकटा भातसा, तर भातसा किती भरला ते बघायचं. पण तो लांब शहापूरला, तिथे कोण रील काढायला जातंय

ए-६०१ : बापरे काका, मी तर सकाळीच बाल्कनी धुवून टाकली 🙈

सी-५०३ काकू : माझं माहेर पैठण. आमच्याकडे शेंबडं पोरसुद्धा सांगेल गोदावरीवरचं जायकवाडी धरण किती टक्के झालं आणि वरच्या धरणांतून किती क्युसेकने (सेकंदाला किती घनफूट) सोडलंय. आणि तिथे शून्य टक्के म्हणजे धरण कोरडं नव्हे बरं का, खाली २६ टीएमसी (अब्ज घनफूट) मृतसाठा असतो, म्हणजे एरवी न वापरायचं तळाचं पाणी, टक्के मोजतात ते वरच्या ७६ टीएमसीचे. दुष्काळात त्या खालच्यातूनच पंप लावून उपसतात

ए-१०२ : आणि ते ७६ भरायला नाशिक-नगरवाल्यांनी आपली धरणं उघडायची. २०२३ ला साडेआठ टीएमसी सोडायची ऑर्डर निघाली होती, आमच्याकडे द्राक्षबागा आहेत वहिनी, आम्ही काय करायचं

सी-५०३ काकू : भाऊजी ऑर्डर काय कुणाच्या मनात आलं म्हणून निघाली नाही, १५ ऑक्टोबरला जायकवाडी ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्यांनी सोडायचं असं ठरलेलंच आहे, समन्यायी वाटप, २००५ चा कायदा आहे. हायकोर्टातही गेलं होतं ते

ए-१०२ : सोडलेलं पोचतं कुठे पण सगळं? कोरड्या पात्रात मुरतं, मध्ये लोक मोटारी टाकतात, बंधारे अडवतात. आणि पोचलं तरी तुमचं जायकवाडी परातीसारखं पसरट, उन्हाळ्यात वाफ होऊन जातं

सी-५०३ काकू : वाफेचं खरंय, ते मान्य. पण तुमच्याकडच्या कालव्यातून किती गेलं, उसाला किती, एमआयडीसीला किती, ते पण मांडा ना मग. धरणात आलेला थेंब न् थेंब रोज छापून येतो, गेलेल्याचा हिशोब मागितला की सगळे गप्प

बी-३०४ काका : वहिनी मुद्द्याचं बोललात. ए-१०२, एक सांगतो रागवू नका, आपण सगळे इथे अप्पर वैतरणाचं पाणी पितो ते इगतपुरीकडचंच, म्हणजे नाशिक जिल्ह्यातलंच. वैतरणा पश्चिमेला वाहते, गोदावरीत येत नाही, म्हणून त्यावरून पैठणशी भांडण नाही इतकंच. आणि गंमत म्हणजे मुंबईचे सातही तलाव मिळून होतात ५१ टीएमसी, एकट्या जायकवाडीच्या वापरायच्या साठ्यापेक्षा कमी. पण त्यातून आपल्याला जेमतेम वर्षभर प्यायला पुरतं, त्यांना जायकवाडीतच पिणं, शेती, कारखाने सगळं

ए-६०१ : काका हे टीएमसी-दशलक्षचं कोणीतरी एकाच मापात का नाही देत 😩

बी-३०४ काका : १ टीएमसी म्हणजे साधारण २८,३०० दशलक्ष लिटर, भागाकार करा

सेक्रेटरी : सर्व सभासदांना विनंती, धरणं झाली असतील तर आपल्या टाकीकडे वळूया. पाण्याचं बिल या वेळी जास्त आलंय, ए विंग बी विंगला बोलते, बी विंग पार्किंगमधल्या गाड्या धुणाऱ्यांना

बी-३०४ काका : मग मेन मीटरचं रीडिंग रोज सकाळी ७ वाजता ग्रुपवर टाका, रात्री १२ ला एक आणि पहाटे ४ ला एक असं दोन दिवस घ्या. रात्री कोणी गाड्या धूत नाही, तरी काटा फिरत राहिला तर लीकेज असू शकतं

सेक्रेटरी : करतो, पण ए विंगपैकी कोणीतरी मीटरच्या झाकणावर ठेवलेली अडुळशाची कुंडी आधी हलवावी, वॉचमनला एकट्याला उचलत नाहीये

ए-६०१ : ती माझी 🙈 संध्याकाळी ह्यांना पाठवते