मदत हवी आहे: इंग्लंडमधल्या ट्रेनी फार्मासिस्टच्या जागेसाठी एसजेटीची तयारी

ओस्पॅपकर:
नमस्कार मंडळी. महाराष्ट्रातून बी. फार्म. करून सध्या इंग्लंडमध्ये ओस्पॅपचं (परदेशात शिकलेल्या फार्मासिस्टसाठीच्या अभ्यासक्रमाचं) वर्ष चालू आहे. पुढच्या ५२ आठवड्यांच्या फाउंडेशन ट्रेनिंगची जागा ओरिएल या ऑनलाइन भरती पोर्टलमधून मिळते. त्यासाठी सिच्युएशनल जजमेंट टेस्ट (एसजेटी, म्हणजे कामावरच्या प्रसंगात काय करणं योग्य ते ठरवायची चाचणी) आणि गणिताची चाचणी द्यावी लागते. गणिताचं फारसं टेन्शन नाही. एसजेटीत मात्र पाचपैकी तीन पर्याय मला बरोबरच वाटतात आणि उत्तरं पाहिली की क्रम भलताच निघतो. विचारायचं आहे ते असं: वाचायचं काय? ‘सुपरवायजरला सांगा’ हा पर्याय डोळे झाकून पहिला लावायचा का? सराव किती करायचा? आणि भारतात काउंटरवर काम केलेल्यांचं नेमकं कुठे चुकतं?

लेबलवाली:
आधी प्रश्नाचा प्रकार नीट समजून घ्या. निम्मे गुण तिथेच जातात.

क्रम लावायच्या प्रश्नात पाच पर्याय असतात. तो क्रम म्हणजे ‘आधी हे करेन, मग ते करेन’ अशी कामांची यादी नव्हे. प्रत्येक पर्याय एकटा धरायचा: मी एवढंच केलं आणि बाकी काहीच केलं नाही, तर ते कितपत योग्य? दुसऱ्या प्रकारात आठांतून तीन निवडायचे असतात. तिथे तिन्ही मिळून एक कृती होते, त्यामुळे एकच गोष्ट दोनदा सांगणारे पर्याय घेतले की तिसरी महत्त्वाची बाजू उघडी पडते. पहिल्या प्रकाराचं डोकं दुसऱ्यात वापरलं की घोळ होतो.

आणि ‘तुम्ही काय कराल’ असं विचारलेलं नसतं, ‘काय करायला हवं’ असं असतं. तुमच्या स्वभावाची ही परीक्षा नाही.

आता गुणांचा हिशोब. ब्रिटनमधल्या नव्या डॉक्टरांच्या एसजेटीत जी पद्धत होती ती धरून बघा: प्रत्येक पर्याय अचूक जागी असला तर ४ गुण, एक घर चुकला तर ३, दोन घरं चुकला तर २, असं खाली. पाच पर्यायांचे २०. शेजारशेजारच्या दोघांची अदलाबदल झाली तर १८ मिळतात. पण पाचव्या क्रमांकाचा पर्याय पहिला लावलात आणि बाकीचे चार एकेक घर खाली सरकले, तर १२. सगळा क्रम उलटा लावला तरी ८ मिळतातच. म्हणून दुसरा की तिसरा यावर तीन मिनिटं घालवणं हा तोट्याचा धंदा आहे. आधी सर्वांत वाईट पर्याय शोधून तळाला टाका, मग सर्वांत चांगला ठरवा. मधले तीन झटपट लावून पुढच्या प्रश्नाला भिडा.

एक नमुना देते, स्वतः रचलेला आहे. तुम्ही कम्युनिटी फार्मसीत ट्रेनी आहात. वीस मिनिटांपूर्वी दिलेल्या पिशवीतल्या मेथोट्रेक्सेटच्या (संधिवातासारख्या आजारांवरच्या गोळ्यांच्या) लेबलवर ‘आठवड्यातून एकदा’ऐवजी ‘रोज’ छापलं गेलं होतं, हे आत्ता लक्षात आलं. रिस्पॉन्सिबल फार्मासिस्ट (त्या दिवशी दुकानाची जबाबदारी असलेले) आतल्या खोलीत एकाला फ्लूची लस देत आहेत.
अ) दार वाजवून लगेच त्यांना सांगणं.
ब) स्वतः रुग्णाला फोन करून ‘गोळी घेऊ नका, फार्मासिस्ट लवकरच बोलतील’ असं सांगणं.
क) चुकांच्या वहीत नोंद करून संध्याकाळी टीमसमोर विषय काढणं.
ड) लस देऊन ते बाहेर येईपर्यंत थांबून मग सांगणं.
इ) कॉम्प्युटरवरची नोंद दुरुस्त करून गप्प बसणं.

माझा क्रम अ, ब, ड, क, इ. मेथोट्रेक्सेट रोज घेतलं गेलं तर अस्थिमज्जेवर घाला येतो, जीवही जाऊ शकतो. त्यामुळे वेळ हाच निकष. नोंद करणं चांगलंच, पण क मध्ये रुग्ण रात्रीपर्यंत गोळी घेऊन बसेल. इ मध्ये रुग्णही धोक्यात आणि लपवाछपवीही, म्हणून तो तळाला.

ओस्पॅपकर:
इथेच अडतं माझं. ब पहिला का नाही? फोन लगेच जातोय, रुग्ण थेट वाचतोय.

लेबलवाली:
रुग्णाने ‘अहो, एक गोळी तर घेतली, आता काय करू?’ असं विचारलं तर? ट्रेनीने त्यावर सल्ला द्यायचा नसतो आणि जबाबदार माणसाला तर अजून पत्ताच नाही. अ मध्ये दार वाजवायला दहा सेकंद लागतात आणि उत्तर देऊ शकणारा माणूस कामाला लागतो. तरी ब वाईट नाही, म्हणून दुसरा. तुम्ही तो पहिला लावलात तर दोन गुण गेले, बस्स. मात्र ड ला ब च्या वर नेऊ नका. ‘साहेब कामात आहेत, मध्ये कशाला बोलायचं’ ही आपल्याकडची अदब इथे महागात पडते.

आता ‘सुपरवायजरला सांगा’बद्दल. परिस्थिती बदलून बघा: सहकारी तंत्रज्ञ दोनदा उशिरा आली आणि तुमची कामं खोळंबली. इथे सरळ मॅनेजरकडे तक्रार नेणं खालच्या जागी जातं. आधी तिच्याशी खासगीत बोलणं, सगळं ठीक आहे ना हे विचारणं वर येतं. आणि फार्मासिस्टच्याच तोंडाला दारूचा वास येत असेल तर? तेव्हा बोलण्यात वेळ घालवायचा नाही, वरच्याकडे जायचं. रुग्णाला धोका आत्ता आहे की नाही, यावर पायरी ठरते.

दोन_मिली:
वाचायचं काय, ते मी सांगतो. जनरल फार्मास्युटिकल कौन्सिलची (इथली फार्मसीची नियामक संस्था) फार्मसी व्यावसायिकांसाठीची मानकं, एकूण ९. पाठ करू नका. प्रत्येक मानकासमोर ‘हे मोडणारा पर्याय कसा दिसेल’ हे एका ओळीत लिहा. सातवं मानक गोपनीयतेचं आणि आठवं चूक किंवा शंका दिसली की बोलण्याचं. सरावात ही दोन सर्वांत जास्त भेटतात. पहिलं, व्यक्तिकेंद्री काळजीचं, सगळ्या प्रश्नांच्या मुळाशी असतं.

मग कोण कोणाच्या वर, ते समजून घ्या. रिस्पॉन्सिबल फार्मासिस्ट त्या दिवशीच्या त्या दुकानाला जबाबदार. सुपरिंटेंडंट फार्मासिस्ट संपूर्ण कंपनीला. तुमचा डेझिग्नेटेड सुपरवायजर तुमच्या प्रशिक्षणाला. हॉस्पिटलमध्ये वॉर्ड फार्मासिस्ट आणि चीफ फार्मासिस्ट. कौन्सिलकडे जाणं ही सहसा सुरुवातीची पायरी नसते. किरकोळ प्रसंगात ‘थेट कौन्सिलला कळवा’ असा पर्याय दिसला की तो अतिरेकी समजा.

एसजेटीत कायद्याचं ज्ञान तपासत नाहीत हे खरं. पण कायदा माहीत नसला तर अशक्य पर्यायही दयाळू वाटतो. तीन गोष्टी तरी पक्क्या हव्यात. शेड्यूल २, ३ आणि ४ च्या नियंत्रित औषधांचं प्रिस्क्रिप्शन २८ दिवसच चालतं. रुग्णाच्या विनंतीवरून प्रिस्क्रिप्शनशिवाय होणाऱ्या तातडीच्या पुरवठ्यात मॉर्फिनसारखं शेड्यूल २ चं औषध देताच येत नाही, कितीही कळवळून मागितलं तरी. तेव्हा ‘आज दोन गोळ्या द्या, प्रिस्क्रिप्शन उद्या आणतील’ हा पर्याय तळाला जातो, आणि जीपी (फॅमिली डॉक्टर) किंवा १११ या आरोग्य हेल्पलाइनशी संपर्क साधून देणारा वर येतो. तिसरं म्हणजे गिलिक क्षमता. १६ वर्षांखालच्या मुलीला समज पुरेशी असेल तर गर्भनिरोधकाबद्दल गोपनीय सल्ला मिळू शकतो. ‘आईला घेऊन ये’ हे आपोआप बरोबर उत्तर नाही. पण मुलगी १३ पेक्षा लहान असेल तर बालसुरक्षेचा मुद्दा आलाच.

कावळा_आणि_कॅप्सूल:
भारतातून आलेल्यांचं कुठे चुकतं, त्यावर थोडं. आपल्याकडे मेडिकलमध्ये नवऱ्याची औषधं बायको नेते, सासूची सून नेते आणि दुकानदार ‘बीपीची आहे, रात्री द्या’ असं भर गर्दीत सांगतो. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. इथे तीच सवय घात करते.

नमुना: एक बाई काळजीत आहे. विचारते, ‘माझा नवरा तुमच्याकडून गोळ्या नेतो, कसल्या आहेत?’ तो सर्ट्रालीन (नैराश्यावरचं औषध) घेतो हे तुम्हाला माहीत आहे. आठांतून तीन निवडा.
१) बायको आहे म्हणून नाव सांगणं.
२) कोणाच्याही औषधांबद्दल दुसऱ्याला सांगता येत नाही, असं नम्रपणे सांगणं.
३) तिला आतल्या खोलीत नेऊन कसली काळजी वाटते ते विचारणं.
४) ‘काळजीचं काही नाही’ एवढंच म्हणणं.
५) नवऱ्याशीच बोलून पाहा किंवा दोघं मिळून या, असं सुचवणं.
६) तो आमच्याकडे येतच नाही, असं सांगणं.
७) जीपीच्या रिसेप्शनला तिला फोन करायला सांगणं.
८) ती बोलत असतानाच पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळणं.

उत्तर २, ३, ५. चौथा पर्याय भल्याभल्यांना गोड वाटतो. पण त्यातून दोन गोष्टी फुटतात: तो तुमचा रुग्ण आहे आणि तुम्ही त्याची नोंद पाहिलीत. म्हणून २ मध्ये ‘कोणाच्याही’ हा शब्द आहे, ‘तुमच्या नवऱ्याच्या’ नाही. आणि नुसता २ घेऊन ३ सोडलात तर नियम पाळला, माणूस मात्र हरवला. तिन्ही एकत्र बघायचे म्हणतात ते यासाठी.

दुसरी सवय म्हणजे प्रश्नात नसलेलं मनाने भरणं. ‘कदाचित ती घटस्फोटाच्या तयारीत असेल’, ‘कदाचित डॉक्टरांनी तोंडी बदल केला असेल’. लिहिलंय तेवढंच खरं मानायचं. तिसरी सवय, वरिष्ठांची चूक झाकण्याला सांभाळून घेणं समजणं. त्याबद्दल वर लिहिलं गेलंच आहे.

ओस्पॅपकर:
खूपच उपयोगी. कोणीतरी हजार प्रश्नांची विकतची बँक घ्या म्हणतंय. घ्यावी का?

लेबलवाली:
माझं मत, नको. विकतच्या बँकांमध्ये एकाच प्रसंगाची उत्तरं एकमेकांशी भांडतात, आणि ती पाठ झाली की स्वतःचा निवाडा बिघडतो. अधिकृत सराव प्रश्न पुरवून पुरवून वापरा. पहिल्या फेरीत घड्याळ बाजूला ठेवा आणि प्रत्येक पर्यायापुढे एका वाक्यात कारण लिहा. मग अधिकृत स्पष्टीकरणाशी ताडून चूक कोणत्या प्रकारची ते नोंदवा: उगाच वर नेलं, वर न्यायला उशीर केला, रुग्ण विसरला, मनाने भरलं. एका प्रकाराच्या खाली चारपाच नोंदी साचल्या की दुखणं कळतं. दुसऱ्या फेरीत घड्याळ लावा आणि प्रश्नामागे सुमारे दोन मिनिटं धरा. प्रसंग वाचण्याआधी शेवटची ओळ वाचा, क्रम लावायचाय की तीन निवडायचेत ते कळतं. दोघातिघांनी मिळून पर्यायांवर वाद घाला. दुसऱ्याला पटवताना आपलंच कारण किती पोकळ होतं ते दिसतं.

दोन_मिली:
गणिताची भीती नाही म्हणालात तरी एवढं बघाच. १८ किलोचं मूल, डोस किलोमागे ७.५ मिलीग्रॅम, म्हणजे १३५ मिलीग्रॅम. सस्पेन्शन ५ मिलीत २५० मिलीग्रॅमचं असेल तर २.७ मिली. इथे गुण जातात ते मायक्रोग्रॅमचे मिलीग्रॅम करताना आणि दिवसाचा एकूण डोस हाच एका वेळचा डोस समजल्याने. गोळ्या किती द्यायच्या विचारलं तर अपूर्णांक वर न्या, नाहीतर शेवटच्या दिवशी रुग्ण उपाशी.

ओरिएलवर पसंतीक्रम भरताना लांबच्या जागाही खाली लावा. जिथे खरोखर जाणार नाही त्या मात्र नको असलेल्यांत टाका, कारण गुणांच्या क्रमाने जागा ठरते आणि मग कुरकुर करून उपयोग नसतो.

आणि एक रटाळ पण नडणारी गोष्ट. परीक्षा घेणाऱ्या पियर्सन व्ह्यू कंपनीकडच्या नोंदणीतलं नाव आणि पासपोर्टावरचं नाव जुळायलाच हवं. आपल्या पासपोर्टावर बहुधा स्वतःच्या नावापुढेच वडिलांचं किंवा नवऱ्याचं नावही ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात असतं, आणि ओरिएलवर मात्र नुसतं नाव-आडनाव भरलेलं असतं. फरक दिसला तर आताच लिहून दुरुस्त करून घ्या. परीक्षेच्या दिवशी दारावर ते कोणी ऐकून घेत नाही.

ओस्पॅपकर:
पासपोर्ट काढून पाहिला. ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात वडिलांचं नाव आहे आणि ओरिएलवर मी ते भरलेलं नाही. आजच मेल करतो.