लिस्बनमध्ये चौघींचा एकच दिवस: काय पाहावे, कुठे जेवावे?

माहीमची_मासळी (प्रश्न)

मंडळी, आम्ही शाळेपासूनच्या चार मैत्रिणी येत्या जूनमध्ये युरोपला जात असून, परतीच्या विमानाआधी लिस्बनमध्ये एक अख्खा मंगळवार आमच्या हाती आहे. एकीने आतापासूनच वहीत अकरा ठिकाणांची यादी करून ठेवली आहे, आणि ती वाचली की मला अंगारकीच्या रांगेत उभे राहिल्यासारखे वाटते. आमच्यापैकी एकीला गुडघ्यांमुळे जिने झेपत नाहीत, एक शाकाहारी असून अंडेही खात नाही, आणि उरलेल्या आम्ही दोघी ताटात मासा नसेल तर जेवण झाले असे मानत नाही. धावपळ नको आहे, पण परतल्यावर "एवढ्या लांब जाऊन तेवढे पाहिले नाहीत?" असे ऐकून घेण्याचीही तयारी नाही. दिवस कसा आखावा आणि कुठे काय खावे, हे जाऊन आलेल्यांनी कृपया सांगावे.

पार्लेकर_प्रवासी

ताई, अकरातली सात ठिकाणे आजच खोडून टाका. मी तिथे नोकरीनिमित्त दोन वर्षे होतो आणि पहिल्या महिन्यात तुमच्या मैत्रिणीसारखीच यादी घेऊन फिरलो. त्यातले आज जवळजवळ काहीच आठवत नाही, पायांचे दुखणे तेवढे आठवते.

शहराचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. तेजू नदीच्या काठाने पश्चिमेला पाच-सहा किलोमीटरवर बेलेम आहे, मध्ये बायशा हा सपाट बाजारपेठेचा भाग आहे, आणि त्याच्या पूर्वेला टेकडीवर आल्फामा ही जुनी वस्ती आहे. सकाळी बेलेम, दुपारी बायशा आणि ऊन उतरल्यावर आल्फामा असा क्रम ठेवला, तर त्याच वाटेने परत फिरावे लागत नाही. काइश दु सोद्रे स्थानकावरून लोकल गाडी दहा मिनिटांच्या आत बेलेमला नेते. १५ क्रमांकाची ट्रामही तिकडेच जाते.

बेलेमला जेरोनिमोस मठासाठी दीड तास राखून ठेवा. तो सोमवारी बंद असतो, तुमचा मंगळवार आहे हे बरे झाले. सोळाव्या शतकाच्या आरंभी सुरू झालेल्या या बांधकामाचा मोठा खर्च आफ्रिका आणि पूर्वेकडून येणाऱ्या मालावरच्या सुमारे ५ टक्के करातून भागवला गेला, म्हणजे त्या दगडी जाळीत पूर्वेकडच्या व्यापाराचाही पैसा आहे. प्रांगणातल्या खांबांवर जहाजाचे दोरखंड आणि त्यांच्या गाठी कोरलेल्या आहेत. घाई न करता जवळ जाऊन पाहा, दगडात दोराचा पीळसुद्धा दिसतो. १४९८ साली कालिकतला उतरलेला आणि १५२४ साली कोचीनमध्ये मरण पावलेला वास्को द गामा तिथल्याच चर्चमध्ये चिरविश्रांती घेतो आहे.

मठापासून चालत काही मिनिटांवर १८३७ सालापासून चालू असलेले पाश्तेइश द बेलेम हे दुकान आहे. बाहेरच्या फुटपाथवर दिसणारी रांग बहुतेक बांधून नेणाऱ्यांची असते, त्यामुळे तिला घाबरून परतू नका. आत बसायला एकामागून एक मोठी दालने आहेत. खारीसारखे पापुद्रे असलेल्या वाटीत अंड्याच्या पिवळ्या बलकाचे घट्ट कस्टर्ड भरलेले असते, वरचा भाग जागोजागी करपलेला असतो आणि टेबलावर दालचिनीची पूड ठेवलेली असते. ती भुरभुरून गरम असतानाच खावे. तुमच्या शाकाहारी मैत्रिणीला मात्र तिथे कॉफीवर भागवावे लागेल.

बायशाचे रस्ते असे आखीव का, हे कळले तर तिथे चालण्यात अधिक गंमत येते. १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपाने, पाठोपाठ आलेल्या त्सुनामीने आणि आगीने हा भाग पार उद्ध्वस्त केला, त्यानंतर तो नव्याने सरळ रेषांत वसवला गेला. वरच्या अंगाला कार्मो मठाचे चर्च आजही छताविना उभे आहे, नुसत्या कमानी आणि वर आकाश.

गुडघ्यांसाठी एक युक्ती सांगतो. बायशातल्या रुआ दुश फांकेइरुश या रस्त्यावरच्या एका इमारतीत किल्ल्याच्या बाजूला जाणारी सार्वजनिक लिफ्ट आहे, आणि वर थोडे चालल्यावर एका सुपरमार्केटच्या इमारतीत दुसरी मिळते. दोन्ही फुकट आहेत आणि त्यांनी टेकडीचा मोठा चढ वाचतो. चपला मात्र रबरी तळव्याच्या घ्या, कारण फुटपाथचे चुनखडीचे छोटे दगड पावलांनी इतके गुळगुळीत झाले आहेत की पाऊस नसतानाही घसरायला होते.

ट्रामवेडा_परळ

वरील सल्ला उत्तम आहे, परंतु २८ क्रमांकाच्या ट्रामचा उल्लेखही नसावा याचे आश्चर्य वाटले. १९३० च्या दशकातले ते पिवळे एकडबी वाहन, लाकडी बाके, आणि आल्फामाच्या गल्ल्यांत घरांच्या भिंतींना जवळजवळ चाटून जाणारी वळणे! मुंबईने १९६४ साली ट्राम मोडीत काढली. वडील तिच्या गोष्टी सांगत तेव्हा मला कधी नीट चित्र दिसले नाही, ते लिस्बनमध्ये दिसले.

पार्लेकर_प्रवासी

ट्रामवेडेसाहेब, उल्लेख जाणूनबुजून टाळला होता. भर दुपारी त्या ट्राममध्ये विरार लोकलसारखी गर्दी असते आणि खिसेकापूंना ती फार प्रिय आहे. माझ्या पाहुण्यांचा फोन तिथेच गेला. ताई, बसायचेच असेल तर मार्तिम मोनीश या आरंभीच्या थांब्यावर सकाळी लवकर जा, म्हणजे खिडकी मिळेल. किंवा रात्रीच्या जेवणानंतर बसा.

डोंबिवलीची_सुगरण

मी स्वतः शाकाहारी असल्यामुळे त्या मैत्रिणीच्या बाजूने लिहिते. तिथे 'पेइशिन्यूश दा ओर्ता' नावाचा पदार्थ मिळतो, ज्याचा अर्थ 'बागेतले छोटे मासे' असा होतो. नाव ऐकून मी यादीतून वगळला होता, आणि शेजारच्या टेबलावर पाहिले तर ती चक्क फरसबीची भजी निघाली! पिठात बहुधा अंडे असते, म्हणून आधी विचारावे. काल्दू व्हेर्द या बटाट्याच्या आणि हिरव्या पाल्याच्या सूपमध्ये सॉसेजची चकती टाकतात, ती नको म्हणून सांगता येते, पण सूप कशात उकळले आहे हेही विचारावे. कॅफेंमध्ये 'शामुसा' दिसला तर तो आपला समोसाच, गोवा आणि मोझांबिकमार्गे तिकडे गेलेला. मात्र आत बहुधा मांस असते. पोटभर शाकाहारी जेवणासाठी भारतीय खानावळ गाठलेली बरी, त्यात कमीपणा मानू नये.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. बसल्याबरोबर न मागता पाव, ऑलिव्ह आणि चीज टेबलावर येते. याला 'कुव्हेर' म्हणतात आणि खाल्ले की बिलात लागते. आम्ही पाहुणचार समजून दोनदा पाव मागवला होता! नको असेल तर हात न लावता परत पाठवावे, कोणी वाईट वाटून घेत नाही. तिथेही पावाला 'पाँव' आणि बटाट्याला 'बटाटा'च म्हणतात, कारण हे शब्द आपल्याकडे त्यांच्याकडूनच आले. बिल हवे असताना वेटरला नुसते 'पगार' म्हटले तरी कळते, कारण त्या शब्दाचा तिकडचा अर्थ 'पैसे देणे' असा आहे.

माहीमची_मासळी

सर्वांचे मनापासून आभार. यादीतली सहा ठिकाणे खोडली, सातव्यावरून अजून वाद चालू आहे. आता शेवटचा प्रश्न: मासे खाण्याची संधी एकदाच मिळणार असेल, तर त्यांचा तो प्रसिद्ध खारवलेला बाकल्याव खावा की सार्डिन?

पार्लेकर_प्रवासी

बाकल्याव म्हणजे कॉड, आणि तो मासा पोर्तुगालच्या समुद्रात मिळतच नाही. नॉर्वेसारख्या थंड मुलखातून सुकवून येतो, एक-दोन दिवस पाणी बदलत भिजवावा लागतो आणि वर्षाचे बाराही महिने मिळतो. सार्डिनचा मोसम मात्र जूनमध्ये भरात असतो. संत अंतोनियोच्या सणामुळे त्या महिन्यात आल्फामात लोक दारासमोर शेगड्या मांडून अख्खी सार्डिन जाडे मीठ लावून भाजतात आणि पावाच्या कापावर ठेवून देतात. चव आपल्या तारलीच्या जवळची, फक्त मसाला नाही. काटे हातानेच काढावेत, पावाचा काप शेवटी खावा, कारण माशाचे तेल त्यात उतरलेले असते. सूर्य नऊच्या सुमारास मावळतो, तेव्हा साडेसातला तिथे पोहोचलात तरी पुरे.