छातीच्या पॅडचा खर्च क्लबनंच उचलावा

दहा-दहाचे दोन पूर्ण संघ जमल्याशिवाय लॅक्रॉसचा (जाळीच्या काठीनं चेंडू झेलत-फेकत गोल करायचा खेळ) क्लब काढू नये, हे या चर्चेत आलेलं मत मला पटत नाही. २०२८च्या ऑलिंपिकमध्येही सहा-सहा खेळाडूंचंच लॅक्रॉस आहे, तेही लहान मैदानावर. बारा मुलं आली की सामना होतो, आणि प्रत्येकाच्या वाट्याला चेंडू जास्त वेळा येतो.

हेल्मेटच्या खर्चावर इतकं बोलणं झालं, पण छातीचं संरक्षण राहूनच गेलं. कडक रबरी चेंडू हृदयाच्या ठोक्यातल्या नेमक्या नाजूक क्षणी छातीवर बसला, तर धडधाकट मुलाचंही हृदय बंद पडू शकतं. हा धोका कमी करण्यासाठी एनडी२०० या, अशाच आघातापासून हृदय जपण्यासाठीच्या सुरक्षा-मानकाचे पॅड मिळतात. गोलकीपरचा पॅड तरी पालकांवर सोडू नका. मैदानावर एईडी, म्हणजे बंद पडलेल्या हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र हवंच, आणि ते चालवता येणारं माणूसही. अगदी लहान वयाच्या गटाला मऊ चेंडूच द्या.