मदत हवी आहे : रेल्वेच्या मोरीतला रस्ता सरळ होतोय, पण पाण्याचं काय?

नमस्कार मंडळी,

आम्ही रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात राहतो. बाजारपेठेतून स्टेशनकडे जाणारा रस्ता रेल्वेच्या भरावाला लागून येतो आणि मोरीच्या (रुळांखालून जाणाऱ्या बोगद्याच्या) तोंडाशी जवळजवळ काटकोनात वळून आत शिरतो. आमचं घर त्या वळणावरच आहे. वळण काढून रस्ता मोरीच्या सरळ रेषेत आणायचं आता नगरपरिषदेने ठरवलं आहे. त्यात आमचं अर्धं अंगण, शेजाऱ्यांचा चिऱ्याचा गडगा आणि समोरची सहा दुकानं जातात. नोटीस लागली आहे, हरकती आणि सूचना लेखी मागवल्या आहेत.

आधीच सांगते, जागा द्यायला आमची ना नाही. ते वळण वाईट आहे, आम्ही रोज बघतो. कोकण रेल्वे १९९८ च्या जानेवारीत पूर्ण सुरू झाली. तेव्हा या मोरीतून बैलगाड्या, सायकली आणि दिवसाला चार-पाच एसट्या जायच्या, त्यांना ती पुरेशी होती. आत भिंतीपासून भिंतीपर्यंत मी टेप लावला, साडेपाच मीटर भरले. एक एसटी अडीच मीटरची. दोन समोरासमोर आल्या की एकीला मागे यावंच लागतं, आणि मागे यायचं म्हणजे आंधळ्या वळणात. गेल्या श्रावणात शेजारच्या आजी भिंतीला चिकटून उभ्या असताना टेम्पोचा आरसा त्यांच्या खांद्याला लागला. चालणाऱ्याला तिथे उभं राहायला जागाच नाही. शिमग्याला पालखी याच मोरीतून पलीकडच्या वाडीत जाते, तेव्हा दोन्हीकडे माणसं उभी करून गाड्या थांबवाव्या लागतात.

माझी काळजी पाण्याची आहे. मोठ्या गाड्यांना उंची मिळावी म्हणून सरळ करतानाच रस्ता मोरीत दोन फूट खाली घ्यायचा, असं नकाशावर दिसतं. आताच पावसाळ्यात तिथे गुडघाभर पाणी साचतं. मोरीतलं गटार शंभरेक मीटरवर व्हाळात, म्हणजे ओढ्यात सुटतं, आणि तो व्हाळ पुढे खाडीला मिळतो. उधाणाच्या भरतीला व्हाळच तुंबतो, मग गटार उलटं वाहायला लागतं. अमावास्या-पौर्णिमेची भरती दुपारी बाराच्या आगेमागे येते आणि सकाळची शाळाही तेव्हाच सुटते. जुलैत त्या दिवशी जोराचा पाऊस असला तर पोरं पलीकडे अडकून पडतात. काही मोठी मुलं तर भरावावर चढून रुळ ओलांडतात. आता रेल्वे विजेवर चालते, एकेरी मार्गावर दोन्हीकडून गाड्या येतात, आणि पावसात रुळांवरून घसरायला वेळ लागत नाही. हे बघवत नाही.

सुनावणी पुढच्या मंगळवारी आहे. तिथे नेमकं काय विचारायचं? चालणाऱ्यांसाठी मोरीच्या बाजूला वेगळा गाळा, म्हणजे भरावाखालून दुसरी वाट मागता येते का? आणि मोरीतलं पाणी काढायची जबाबदारी कोणाची, रेल्वेची की नगरपरिषदेची? "आमचं नाही, त्यांचं" हे उत्तर आम्ही दोन्हीकडून ऐकलं आहे.

प्रतिसाद :

ताई, मी स्थापत्य अभियंता, रस्त्यांच्या कामात तीस वर्षं काढली, आता निवृत्त आहे. तुमचा प्रश्न बरोबर जागी बोट ठेवणारा आहे. वरून काढलेल्या आराखड्यात फक्त वळण दिसतं, पाणी दिसत नाही. सुनावणीत रस्त्याचा एल-सेक्शन, म्हणजे चढ-उतार दाखवणारा लांबीतला उभा छेद मागा. त्यात तीन पातळ्या बघायच्या : मोरीतला सगळ्यात खालचा बिंदू, गटार जिथे सुटतं तिथला व्हाळाचा तळ आणि व्हाळाची पूरपातळी. रस्त्याचा खालचा बिंदू व्हाळाच्या तळापेक्षा खाली गेला, तर पाणी आपोआप कधीच जाणार नाही, बारमाही पंप लागेल. आणि कोकणात जोराच्या पावसात वीज सगळ्यात आधी जाते, म्हणजे जनरेटरही आलाच.

दुसरं, बाहेरचं पाणी आत येऊच द्यायचं नाही. उतार सुरू होण्याआधी दोन्ही बाजूंना रस्त्याला थोडा उंचवटा द्यायचा आणि त्याच्या बाहेर जाळीचं आडवं गटार घालायचं. हिशोब करून बघा : एक हेक्टर परिसराचं पाणी तुमच्या खड्ड्याकडे उतरत असेल आणि तासाला ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर ते ५०० घनमीटर, म्हणजे पाच लाख लिटर होतं. हे बाहेरच अडवलं तर आत फक्त उतारावर पडलेलं पाणी राहतं, आणि उतारावर पत्र्याचं छप्पर घातलं की तेही निम्म्याहून कमी होतं. व्हाळाच्या तोंडाला एकाच दिशेने उघडणारी झडप बसवा. भरतीचं पाणी त्याने थांबेल. मात्र झडप बंद असताना आतलं पाणीही अडतं हे विसरू नका. तेवढा वेळ ते साठवायला टाकी हवी.

वळणाबद्दल : ताशी ४० किलोमीटर वेग धरला तर गाडी थांबवायला समोर ४५ मीटर मोकळं दिसायला हवं, ३० चा वेग धरला तर ३० मीटर. कुठला वेग धरलाय ते विचारा. तुमचं अंगण किती जाणार हे त्यावरच ठरतं. आणि वळण सरळ झालं म्हणून मोरी रुंद होत नाही. दुपदरी रस्त्याला सात मीटर लागतात, तुमच्याकडे साडेपाच आहेत. सरळ रस्त्यावर गाड्या वेगाने येतील आणि तोंडाशी वाट एकदम चिंचोळी होईल.

म्हणून वेगळा गाळा जरूर मागा. काँक्रीटची पेटी बाजूला तयार करून जॅकने भरावाखाली ढकलतात, वरून गाड्या कमी वेगाने चालू राहतात. आत १.८ मीटर रुंद आणि रस्त्यापेक्षा उंच पदपथ असला की चालणारे पाण्यातून आणि गाड्यांमधून दोन्हीतून सुटतात. रेल्वेच्या हद्दीतलं काम सहसा रेल्वेच करते, पैसे नगरपरिषदेने आधी भरायचे असतात. त्याच करारात देखभाल कोणाची तेही लिहिलेलं असतं, त्याची प्रत मागा. अजून एक : रोहा ते वीर सोडलं तर आपल्याकडे मार्ग एकेरीच आहे. पुढे दुसरा रूळ आला तर मोरी लांब होईल आणि तुमच्या नव्या वळणाच्या जवळ सरकेल. ते धरलंय का, हे लेखी विचारा.

प्रतिसाद :

वरच्या काकांशी सहमत. कायद्याच्या बाजूने थोडं. हरकत तोंडी सांगून थांबू नका, लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या. विकास योजनेत बदल होत असेल तर तो १९६६ च्या नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली येतो, त्याच्या हरकतींना एक महिना मिळतो. नोटिशीवरची तारीख नीट बघा. कागद देत नसतील तर माहिती अधिकारात अर्ज करा, ३० दिवस लागतात, म्हणून आजच टाका. भूमी अभिलेखची मोजणी होऊन खुणा पडेपर्यंत कुठल्याही संमतीपत्रावर सही करू नका. जमीन २०१३ च्या भूसंपादन कायद्याने घेतली तर शहरी हद्दीत बाजारभाव आणि त्यावर तेवढीच दिलासा रक्कम मिळते. दुकानदार भाडेकरू असतील तर त्यांनाही वेगळा अर्ज करायला सांगा, त्यांच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही.

धागाकर्ती :

काका, दोघांचेही मनापासून आभार. तुमचा प्रतिसाद वाचून काल संध्याकाळी ओहोटीला शेजारच्या गवंडीदादांना घेऊन गेले. त्यांच्याकडची पाण्याची लेव्हल नळी दहा-दहा मीटर पुढे नेत मोरीपासून व्हाळापर्यंत मोजलं. आजचा रस्ता व्हाळाच्या तळापेक्षा ४० सेंटिमीटर वर भरला. नकाशाप्रमाणे दोन फूट, म्हणजे ६० सेंटिमीटर खाली घेतला तर तो तळाच्याही २० सेंटिमीटर खाली जाईल. म्हणजे पाणी स्वतःहून निघणारच नाही.

सहाही दुकानदार सह्या करायला तयार आहेत. वाडीतली माणसं पालखीच्या वाटेसाठी वेगळं पत्र देणार आहेत. मंगळवारच्या आधी अमावास्या येते, त्या दिवशी दुपारी व्हाळाच्या भिंतीवर भरतीची खूण रंगाने करून फोटो काढणार आहे. एवढंच सांगा, नळीने केलेली ही मोजणी सुनावणीत धरतात का, की त्यांच्याच सर्व्हेयरने सगळ्यांसमोर पुन्हा मोजावं अशी मागणी अर्जात लिहू?