विंडोजवरचा मॅक्रो मॅकवर अडतोय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

एक्सेलमध्ये व्हीबीएचा (एक्सेलमधली प्रोग्रामिंगची भाषा) एक मॅक्रो, म्हणजे ठरलेलं काम आपोआप करणारा छोटा प्रोग्राम, आहे. फोल्डरमधल्या सगळ्या सीएसव्ही (स्वल्पविरामांनी विभागलेल्या माहितीच्या) फाइल्स उघडतो, एका शीटवर गोळा करतो आणि दुबार नोंदी गाळतो. विंडोजवर बिनतक्रार चालतो. मॅकवर मात्र क्रिएटऑब्जेक्टच्या ओळीलाच एरर ४२९ (ऑब्जेक्ट तयार करता येत नाही) देऊन थांबतो.

कारण कळलंय: ती ओळ बनवते ती स्क्रिप्टिंग डिक्शनरी (की, म्हणजे ओळखखूण, देऊन नोंदी साठवायची सोय) विंडोजच्या लायब्ररीतली, मॅकवर ती नसतेच. तिच्याऐवजी व्हीबीएमधलंच कलेक्शन (नोंदींचा संच) घेतलं. पण एखादी की आधीच आहे का, हे कलेक्शनला थेट विचारता येत नाही. मग ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट (एरर आली तरी पुढच्या ओळीवर जा, ही आज्ञा) लावून एरर येते का ते बघायचं. चालतं, पण मला हे पटत नाही. कुणी यासाठी स्वतःचा क्लास मॉड्यूल (डिक्शनरीसारखा ऑब्जेक्ट बनवणारा कोड) लिहिलाय का?

फाइलच्या पाथमधली (पत्त्यातली) उलटी तिरकी रेघ काढून ॲप्लिकेशन डॉट पाथसेपरेटर (त्या-त्या सिस्टिमचं योग्य चिन्ह देणारं) घातलं, तो प्रश्न मिटला.

खरी डोकेदुखी परवानगीची. मॅकवरचं एक्सेल सँडबॉक्समध्ये (बाकीच्या फाइल्सपासून वेगळं, बंदिस्त) चालतं, त्यामुळे फाइल उघडली की परवानगीची खिडकी हजर. ग्रँटॲक्सेसटूमल्टिपलफाइल्स या परवानगी मागणाऱ्या फंक्शनला फाइल्सची यादी एकदम देता येते, पण ती यादी बनवायची कशी? फोल्डरमधल्या फाइल्सची नावं देणाऱ्या डिर फंक्शनमध्ये मॅकवर स्टार (‘कुठलंही नाव’ या अर्थाचं चिन्ह) चालत नाही. सगळी नावं घेऊन शेवटची चार अक्षरं तपासणं एवढाच मार्ग आहे का? की थेट फोल्डरचीच परवानगी मागून भागतं?

आणि एक, हॅश इफ मॅक (कोड फक्त मॅकवर चालवायची) ही अट तुम्ही प्रत्येक प्रोसिजरमध्ये (कोडच्या तुकड्यात) घालता, की मॅकचा कोड वेगळ्या मॉड्यूलमध्ये ठेवता? दोन वेगवेगळ्या फाइल्स सांभाळायची माझी तयारी नाही, हे आधीच सांगतो.