मदत हवी आहे: जनरेटर इन्व्हर्टरला जोडावा की वेगळ्या चार्जरला?

नमस्कार मंडळी,

आमच्या रानातल्या घरापर्यंत वीज आलेली नाही, सगळं सोलरवरच आहे. ३५० वॅटचे सहा पॅनल, ५ केव्हीएचा हायब्रिड इन्व्हर्टर आणि ५१.२ व्होल्ट १०० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, म्हणजे साधारण ५ युनिट. फ्रिज, दिवे, पंखे आणि अर्धा तास पंप मिळून दिवसाला अडीच-तीन युनिट लागतात. ऊन असेल तर काहीच अडचण नाही. सलग दोन दिवस आभाळ भरून राहिलं की मात्र बॅटरी तळाला जाते. फ्रिजमध्ये आईचं इन्सुलिन असतं, त्यामुळे अंधारात राहू म्हणून भागत नाही. म्हणून पेट्रोलचा जनरेटर घेतला, सलग २.२ किलोवॅट देणारा.

तो इन्व्हर्टरच्या एसी इनपुटला जोडला तर दहाएक सेकंद चालायचं, मग इंजिन गुदमरायचं आणि इन्व्हर्टर टक् करून पुन्हा बॅटरीवर जायचा. मीटर लावून पाहिलं: रिकामा असताना ५२.५ हर्ट्झ, चार्जिंग सुरू झालं की ४६. कारण नंतर लक्षात आलं. चार्जिंग करंट ६० अँपिअरवर होता. ५४ व्होल्टला ते ३,२४० वॅट झाले, शिवाय घरातला लोड वेगळा, कारण इनपुट मिळालं की इन्व्हर्टर घरही जनरेटरवरच टाकतो. करंट २० वर आणल्यावर टिकला. पण पंप सुरू झाला की त्या झटक्याने पुन्हा तेच.

आता असं मनात आहे की जनरेटर इन्व्हर्टरला जोडायचाच नाही. त्यावर ४८ व्होल्ट सिस्टिमचा २५ अँपिअरचा वेगळा लिथियम चार्जर लावायचा, तो थेट बॅटरीला. घर कायम इन्व्हर्टरवर, पंपाचा झटका बॅटरी सोसेल, जनरेटरवर एकसारखा दीड किलोवॅटच्या आसपास लोड राहील. कोणी असं चालवतंय का? माझी काळजी ही की बॅटरीची शिफारस ५० अँपिअरपर्यंतच चार्ज करण्याची आहे. मध्येच कडक ऊन पडलं तर पॅनलचे ३९ आणि चार्जरचे २५ एकत्र येतील. सोलरची मर्यादा २५ वर बांधून ठेवावी, की जनरेटर पहाटेच चालवून उजाडल्यावर बंद करावा? मला पहाटेचं बरं वाटतं, वरचा भाग सूर्याने भरावा.

जनरेटर नेमका कधी सुरू करायचा, हे तुम्ही कशावरून ठरवता? व्होल्टेजवर विसंबून एकदा फसलोय. संध्याकाळी ५१.५ दिसत होते, मध्यरात्री बीएमएसने (बॅटरीतल्या संरक्षक सर्किटने) बॅटरी बंद केली. या बॅटरीचं व्होल्टेज मधल्या टप्प्यात जवळपास हलतच नाही, म्हणून शंट मॉनिटर मागवतोय, म्हणजे बॅटरीत आत-बाहेर जाणारा करंट मोजून किती टक्के उरलंय ते दाखवणारा मीटर. तो आल्यावर २५ टक्क्यांना सुरू, ६० ला बंद, हे ठीक राहील का?

अजून एक: जनरेटरचा न्यूट्रल अर्थला जोडलेला नाही. फक्त चार्जरच चालवायचा असेल तर तसाच ठेवावा का? धुरामुळे जनरेटर घराबाहेर, खिडक्यांपासून लांब ठेवला आहे.