काट्यावर गुडघा लावणाऱ्यानं प्रभुभोजन घ्यावं का?

दर्यापूरचा मापारी
सर्वांना सलाम. मी एका खासगी व्यापाऱ्याकडे मापारी आहे. हंगामात गाडी घेऊन गावोगाव जायचं, घराघरातला कापूस मोजायचा अन् जिनिंगला न्यायचा. तीन हंगाम झाले, मी काटा मारतो. गाठोडं काट्याला लटकवलं की आकडा पाहायला वाकल्यासारखं करायचं अन् खालून गुडघा हळूच टेकवायचा. 43 चे 41 होतात. शेतकरी आकड्याकडे पाहतो, माझ्या पायाकडे कोणी पाहत नाही. क्विंटलला 7000 चा भाव धरला तरी दोन किलोचे 140 रुपये. आमच्याकडे वेचणी किलोला दहा रुपये. म्हणजे तेवढ्या पैशासाठी बाईला 14 किलो वेचावा लागतो. हा हिशेब मला झोपेतही सुटत नाही. संध्याकाळी मालक हजेरीवर वेगळे दोनशे हातात ठेवतो, ते मी घेतो.

बाप्तिस्मा झालेला माणूस आहे मी. रविवारी मंडळीत तोच गुडघा टेकवून रडतो, आता नाही करणार असं अगदी मनापासून म्हणतो. सोमवारी गाठोडं वर गेलं की पाय सरकतोच. बायबलातल्या रोमकरांस पत्राच्या 7 व्या अध्यायात प्रेषित पौल म्हणतो, जे चांगलं करावंसं वाटतं ते होत नाही, नको असलेलं वाईट मात्र होतं. वाचलं की वाटतं, माझंच लिहिलं आहे. मागच्या दोन प्रभुभोजनांना, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर अन् प्याला घेतात तेव्हा, मी प्याला न घेता पुढे दिला. परवा पुन्हा आहे. माझ्यात पवित्र आत्मा आहे तरी का?

निवृत्त पाळक, अचलपूर
भाऊ, ज्याला काही वाटतच नाही त्याला झोपेत 14 किलो आठवत नाहीत. देह अन् आत्मा एकमेकांविरुद्ध आहेत हे गलतीकरांस 5:17 विश्वासणाऱ्यांनाच सांगितलंय. रोमकरांस 7 मधला ‘मी’ तारण होण्याआधीचा की नंतरचा, हा वाद फार जुना आहे. ऑगस्टीन या जुन्या ख्रिस्ती आचार्याने स्वतःचंच मत पुढे बदललं आणि तो ‘मी’ ख्रिस्ती माणसाचा मानला. मलाही तेच पटतं. पण त्या अध्यायात घर करून राहू नका, लगेच सुटकेचा 8 वा आहे.

प्याल्याचं म्हणाल तर 1 करिंथ 11:28 नीट वाचा. स्वतःची परीक्षा करावी अन् मग खावं, असं आहे. परीक्षा करून उठून जावं असं नाही.

कापूसवाली, वर्धा
पाळकसाहेबांचं पटलं. पण दादा, मी तुमच्या काट्याच्या दुसऱ्या बाजूची. माझ्या घरातूनही असाच कापूस गेला असेल. तुम्ही देवापुढं रडता, आमच्यापुढं काऊन नाही? जक्कय या जकातदारानं येशूपुढं लुबाडलेल्याचं चौपट परत देतो म्हटलं, लूक 19. अन् मत्तय 5 मध्ये आधी भावाशी समेट, मग वेदीवर दान. कोणाच्या घरी किती मोजलं त्याची वही असेलच ना तुमच्याकडं?

अन् काट्याजवळ उभेच राहू नका. पाय तिथं असला तर सरकणारच.

दर्यापूरचा मापारी
ताई, तुमचं वाचून रात्रभर जागा होतो. वही काढली. सगळी घरं एकदम जमणार नाहीत. काल पहिल्या घरी गेलो, एकटी म्हातारी आहे. तीन गाठोडी होती. जक्कयाच्या हिशेबानं 1680 झाले, माझ्याजवळ 900 होते. सगळं सांगितलं. ती म्हणाली, “मले वाटलंच होतं, घरच्या काट्यावर जास्त भरला होता.” पैसे मोजून घेतले. बसायला सांगितलं नाही. बाकीचे 780 पोळ्यापर्यंत देतो म्हणून आलो.

मालकाला सांगितलं, मी फक्त गाठोडी उचलीन, काट्यावर उभा राहणार नाही. हजेरी शंभरानं कमी झाली, वरचे दोनशेही गेले. आता काट्यावर एक पोरगा आहे, एकोणीस वर्षांचा. गुडघा कसा लावायचा ते त्याला मागच्या हंगामात मीच शिकवलं. उद्या पहाटे आमची गाडी एकत्रच निघते. त्याच्याशी बोलायचं आहे. माझ्यासाठी प्रार्थना करा.